तिला फोन दे

"बाबा, मला इंजिनिअरिंग सोडायचंय," होस्टेलच्या जिन्यात बसून हेमांगी फोनवर कशीबशी म्हणाली.

"का गं?"

"नीट सांगता नाही येत."

"मग तिला फोन दे बघू. ती कशी मनातलं स्वच्छ बोलते!"

ती म्हणजे हेमांगीच्या फोनमधली तिची एआय प्रतिकृती. मुलांची लेक्चर्स बुडायला नकोत, म्हणून विद्यापीठ समुपदेशनाला प्रतिकृतींनाच बसवायचं. दोन वर्षं ती तिथे रडली, भांडली, स्वतःला ओळखायला शिकली. तेवढ्या वेळात हेमांगीने जर्नल्स पूर्ण केली.

हेमांगीने मुकाट्याने बटण दाबलं.

"बाबा, मला इंजिनिअरिंगच करायचंय," हेमांगीच्याच आवाजात प्रतिकृती ठामपणे म्हणाली. "हिचं मनावर घेऊ नका. हिला अजून स्वतःची ओळख कुठे झालीय?"

"आता कशी," बाबा समाधानाने म्हणाले, "माझी लेक बोलली!"