सर्वनामाची चूक

थांगबाईंच्या अकरावीच्या वर्गात इंग्रजीचा तोंडी सराव चालला होता. विषय होता 'माझी आई'. शिनरुई उभी राहिली. "माझी आई पहाटे उठून पेज करते. तो माझे स्वेटर विणतो." सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"अगं, 'ती'!" बाई कावल्या. "आपल्या डोंगरातल्या बोलीत 'तो'ही 'था' आणि 'ती'ही 'था'. इंग्रजीत नाही चालायचं ते, मार्क जातील! म्हण पुन्हा."

"माझी आई पहाटे उठून पेज करते. तो..."

"परत तेच! 'ती' म्हणायला जीभ का वळत नाही गं तुझी?"

शिनरुईने मान खाली घातली. "'तो' बरोबर आहे, बाई. विषय 'आई' होता ना, म्हणून फक्त 'बाबा'च्या जागी 'आई' घातलं."