पडद्यावरचे ठिपके

कॅन्सरच्या रुग्णांना किरणं देणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लागला, म्हणजे किरणं बंद झाली. वॉर्डातल्या मावशी रुग्णाला आणायला जाड दाराकडे निघाल्या. तेवढ्यात यंत्र चालवणाऱ्या मृणालिनीची नजर पडद्यावर गेली. किरणं चालू असताना कॅमेऱ्याच्या चित्रात उडणारे पांढरे ठिपके अजून उडत होते.

“मावशी, मागे फिरा! आत किरणं चालूच आहेत!”

तिनं लाल बटण दाबलं. ठिपके थांबेनात. ती माइकवर ओरडली, “काका, उठा! बाहेर या!”

यंत्राखाली झोपलेल्या निवृत्तीकाकांना कमी ऐकू यायचं. “नाही हलत, बाई,” आतून आवाज आला. “तुम्ही करा सावकाश.”

पडद्यावर ठिपके उडतच होते. तरी ती आत धावली. काखेत हात घालून तिनं त्यांना बाहेर ओढलं आणि दार लोटलं.

“झालं एवढ्यात?” त्यांनी विचारलं.