शेवटच्या षटकांच्या बदल्यात

रेवाच्या उष्टावणाला दुसऱ्या जिल्ह्याच्या महिला क्रिकेट संघाचे निवडकर्ते बापट आले होते. सहा महिन्यांच्या रेवाच्या रक्तावरून त्यांच्या यंत्राने तिचा विसाव्या वर्षीचा गोलंदाजीचा वेग काढला होता. जन्मापासून तिच्यावर इथल्या संघाचा हक्क होता. तो मिळवायला बापट शेवटची षटकं टाकणारी आपली हुकमी गोलंदाज इथल्या संघाला देऊन टाकायला तयार होते. आता फक्त आईची सही बाकी होती.

रेवाची आई केतकी हल्ली औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही दोनदा वाचायची. तिने विचारलं, “हिच्या गुडघ्यांचं काय म्हणतं तुमचं यंत्र?”

“सव्विसाव्या वर्षी जातील. पण तोवर दोन चषक नक्की, वहिनी.”

“आणि तुमच्या त्या गोलंदाजबाईंचे?”

“गेलेच की. तेवढं तुमच्या संघापाशी बोलू नका.”

बापटांनी रेवापुढच्या ताटातलं पुस्तक, पेन, बांगडी सगळं बाजूला सारून नुसता चेंडू ठेवला. “धरू दे. फोटो काढू.”

केतकीने चेंडू उचलून त्यांच्या पिशवीत टाकला आणि संमतीपत्र तसंच कोरं परत केलं.

“जेवून जा, भाऊजी. पण त्या बाईंना आधी डॉक्टरांकडे न्या,” ती म्हणाली. “हिच्या गुडघ्यांना अजून रांगायचंय.”