सरळ रेघा

पट्टीवर परत सरळ रेघा आल्या होत्या. सरस्वतीनं लांबलचक कागद टेबलावर पसरून त्या मोजल्या. एकोणीस. काल सतरा होत्या.

कुंडलिकनं आपली पट्टी शेजारी ठेवली. तिच्यावर एकही नव्हती.

शहाण्णव सालची गोष्ट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात कमरेला बांधायची एक पेटी तयार होत होती. छातीवर चिकटवलेल्या तारांमधून हृदयाचे ठोके पेटीत यायचे आणि चोवीस तास साठत राहायचे. मग ते कागदाच्या पट्टीवर छापून बघायचे. साठवायचे कशात, यावर या दोघांचं एकमत होत नव्हतं. कुंडलिक म्हणायचा, मेमरी कार्डात. कार्ड हलकं, त्यात फिरणारं काही नाही, पडलं-आपटलं तरी बिघडत नाही. पण चार मेगाबाइटच्या कार्डात अख्खा दिवस मावत नव्हता. म्हणून कुठले ठोके ठेवायचे आणि कुठले टाकून द्यायचे, हे पेटीच ठरवायची.

सरस्वतीला नेमकं तेच नको होतं. तिनं आपल्या पेटीत पत्त्यांच्या कॅटाएवढी हार्ड डिस्क बसवली होती. तिच्यात एकूण एक ठोका मावायचा.

तिचे वडील गोमाजी कळव्याच्या खाडीत, होडीवरच अचानक वारले होते. चार दिवस आधी दवाखान्यात काढलेली त्यांच्या हृदयाची पट्टी अगदी चांगली आली होती. दहा सेकंदांची पट्टी. बाकीच्या वेळात आत काय चाललं होतं ते कुणी पाहिलंच नाही, असं ती कधीतरी बोलून जायची.

मालक दौलतशेठनी दोघांना तीन महिने दिले होते. ज्यानं त्यानं आपली पेटी आपल्याच अंगावर बांधायची, रोजचं सगळं करायचं आणि पट्ट्या आणून दाखवायच्या. ज्याची पट्टी स्वच्छ येईल, त्याची पेटी बाजारात जाईल.

डिस्कचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. आतली चकती सतत फिरते. जोराचा झटका बसला की लिहिणं तेवढ्यापुरतं थांबतं आणि पट्टीवर तिथं सरळ रेघ उमटते. सरस्वतीनं वहीत नोंदी ठेवल्या. जिना चढले, साडेनऊ. पूल ओलांडला, दहाला दहा कमी. बसमागे धावले. रेघा बरोबर त्या त्या वेळांवर येत होत्या.

तिनं डिस्कखाली रबर घातलं. मग स्पंज घातला. मग डिस्कच बदलली, आणि महिनाभरानं तिसरी मागवली. रेघा वाढतच गेल्या. स्पंजचा उपयोग होतो का ते बघायला ती कारखान्याचा जिना दिवसातून वीस वीस वेळा चढायची आणि मधल्या पायरीवर कठडा धरून उभी राहायची. नवरा रतन म्हणाला, जाऊ दे आता, किती दमतेस. तिनं ऐकलं नाही. पण तिचं मन त्यातून उडालं होतं. जेवण जात नव्हतं, सकाळी उठायचा कंटाळा यायचा. आपण वडिलांसाठी म्हणून एक गोष्ट करायला घेतली आणि तीही धड झाली नाही, एवढंच डोक्यात असायचं.

तीन महिने संपले. दौलतशेठनी दोघांच्या पट्ट्या पाहिल्या आणि कुंडलिकला त्याचं मत विचारलं.

"मॅडमची कल्पना माझ्यापेक्षा चांगली होती," कुंडलिक म्हणाला. "डिस्कच कच्ची निघाली."

शेठनी कार्ड नक्की केलं. सरस्वतीला त्यांनी शेवटचा अहवाल लिहायला सांगितला, डिस्क हिसक्यांना कशी टिकत नाही त्याचा. पुढं कुणी त्या वाटेला जाऊ नये म्हणून.

अहवालासाठी एक खरोखरच आदळआपटीचा दिवस हवा होता. घरी ती हे रतनला सांगत होती, ते तिची नणंद मालू ऐकत होती. मालू कळव्याच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून माल आणायला जायचं, डोक्यावर पाटी घेऊन पूल चढायचा, दिवसभर ओरडायचं आणि उठबस करायची, असा तिचा दिवस.

"मना बांध ती पेटी, वैनी," मालू म्हणाली. "माझ्याएवढं हिसकं कुनाला बसतान?"

सरस्वतीनं तिच्या छातीवर तारा चिकटवल्या आणि आपलीच पेटी, त्याच डिस्कसकट, तिच्या कमरेला बांधली. निदान शंभर रेघा येतील, असा तिचा अंदाज होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं कारखान्यात पट्टी छापायला लावली. टेम्पोचा तास आला. ठोक्यामागे ठोका, कुठं खंड नाही. पुलाची वेळ आली. मालूचे ठोके दाटीनं उमटले होते, पण रेघ नव्हती. मध्येच पेटी बंद पडली असावी, असं वाटून सरस्वतीनं कडेचे वेळेचे आकडे तपासले. ते अखंड होते. कागद टेबलावरून जमिनीवर उतरला, तिच्या पायांशी त्याच्या घड्या पडत गेल्या. ती खुर्चीत बसली.

कुंडलिक आपल्या जागेवरून उठून आला. त्यानं कागदाचं टोक उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पट्टी हातातून सरकवली.

"डिस्कमध्ये काहीच दोष नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता. "एवढी आदळली, तरी एक ठोका सोडलेला नाही. मी आत्ताच शेठना सांगतो. तुमचीच पेटी—"

त्याची नजर टेबलावर पडलेल्या तिच्या स्वतःच्या शेवटच्या पट्टीवर गेली, तिच्यावरच्या एकतीस सरळ रेघांवर, आणि शेठना सांगायला न जाता तो डॉक्टरांना फोन लावायला वळला.