न दिसलेला तुकडा

टर्रकन सदऱ्याची दुसरीही बाही फाटून निघाली. गोखिवऱ्यात रामनाथशेठांचा कपडे धुण्याच्या पावडरीचा कारखाना होता आणि नव्या मालाची परीक्षा मालकाच्याच सदऱ्यावर, हा तिथला रिवाज. बिचाऱ्या सदऱ्याला कोण विचारतो! दोन्ही बाह्यांवर अंड्याचा बलक फासून वाळवला.

“पानी बर्फाचंच पायजे,” शेठ म्हणाले. “जी बाही साफ होईल, तिचं एन्झाइम पावडरीत जाईल. दुसऱ्याचं काम आजपासून बंद.”

गिरीज गावची मेघना ही कारखान्यातली संशोधक. हिमालयातल्या बर्फात जगणाऱ्या जिवाणूंपासून तिने दोन वर्षं खपून एक एन्झाइम मिळवलं होतं, गार पाण्यात डाग खाणारं. पण क्ष-किरणांनी काढलेलं त्याच्या रचनेचं चित्र आलं आणि घोळ झाला. बाकी सगळं लख्ख दिसत होतं. फक्त डाग पकडायचं जे तोंड, त्याच्याशेजारचा एक तुकडा गायब. तिथे नुसती पोकळी.

“जे चित्रात दिसत नाही, ते फालतू आहे, उडव ना,” रचनेचा जाणकार प्रितेश छातीठोकपणे म्हणाला होता. नुसतं म्हणून थांबला नाही पठ्ठ्या. तो तुकडा छाटून त्याने वेगळं एन्झाइम बनवलं, घट्ट बांध्याचं, उन्हाळ्यातही न बिघडणारं. तुकडा कामाचा आहे, असं मेघना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिली. पुरावा मात्र तिच्यापाशी नव्हता.

बर्फाच्या पाण्याच्या दोन बादल्या, प्रत्येकीत एकेकाचं एन्झाइम. एकीत प्रितेशची बाही, दुसरीत मेघनाची. बाह्या भिजत राहिल्या. मेघना बादलीकडे बघायचंही टाळत होती.

शेठनी आधी प्रितेशची बाही उचलली. पिवळीची पिवळी! मग मेघनाची. पांढरीशुभ्र, डागाचा मागमूस नाही. बिनबाह्यांच्या सदऱ्यातले शेठ ती बाही झेंड्यासारखी फडकवत कारखानाभर नाचले. मेघनाला हसूही आवरेना आणि रडूही.

प्रितेश संगणकाच्या पडद्यावर, चित्रातल्या त्या पोकळीवर बोट ठेवून उभा होता. “पण यार, इथे तर काहीच नव्हतं!”

“होतं रे! एवढ्या थंडीतही तो तुकडा स्वस्थ बसत नाही, सारखा हलतो. म्हणून तर डाग निघतो,” मेघना म्हणाली, “आणि म्हणूनच तो फोटोत आला नाही.”