तोरू कुणाचा?

"मामी, या नमद्याला दोन भोकं कशी पडली?"

मेदेरने खोगिराखालचा लोकरीचा नमदा उन्हात धरला होता. मधोमध बशीएवढे दोन गोल तुकडे गायब होते. लाल शिंगांची नक्षी तिथेच तुटली होती.

"कसर लागली असेल," बुरुल कढईवरची नजर न हलवता म्हणाली. "जुना झालाय तो."

"कसर काय बशी ठेवून खाते?" मेदेर हसला आणि नमदा तोरूच्या पाठीवर टाकून त्याने वर खोगीर चढवलं.

तंबूच्या दाराशी बसलेला सांजार हसला नाही. तोरू त्याच्या बापाचा घोडा. खोगीर बापाचं, लगामही बापाचा. आणि आज त्यावर आत्याचा मुलगा बसणार होता.

मेदेर कमरेपर्यंत उघडा होता. एर एनिशमध्ये तसंच उतरावं लागतं. दोन घोडेस्वार एकमेकांना भिडतात आणि जो दुसऱ्याला खोगिरावरून खाली ओढतो तो जिंकतो. अंगात कपडा असला की तोच धरून ओढतात, म्हणून कपडा चालत नाही. मेदेरची छाती फळीसारखी सपाट होती आणि ते त्याला ठाऊक होतं. उगाच दहा वेळा तंबूसमोरून फिरत होता. सांजारला तो डोळ्यांसमोर नको झाला होता.

सांजार सोळा वर्षांचा. भर उन्हात त्याच्या अंगात कापूस भरलेली बंडी होती. चौदाव्या वर्षी त्याची छाती मुलीसारखी फुगली, दुखायलाही लागली. कुरणावरच्या पोरांनी एकदाच पाहिलं, पण तेवढं पुरलं. "काय रे दुभत्या, आज कुमिस किती निघालं?" घोडीच्या दुधाचा पेला ओठाला लावला की कुणीतरी हे विचारणारच.

त्याची आई बुरुल त्याला खाली खोऱ्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. "वयात येताना होतं असं. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाईल," डॉक्टर म्हणाले. मग सांजारला बाहेर बसवून आई त्यांच्याशी बराच वेळ बोलली. परतताना तिने सांगितलं, "हात लावायचा नाही, दाबून बघायचं नाही. दाबलं की वाढतं म्हणे."

सांजारने हात लावला नाही. आरशात पाहिलं नाही. नदीत उतरायचा तो सदऱ्यासकट, नजर समोरच्या डोंगरावर ठेवून. बंडी मात्र रोज दिसायची, आणि बंडीवरचे दोन उंचवटे दिसले की त्याला स्वतःची किळस यायची. यंदा वसंतात आईने नवी बंडी शिवून दिली होती, जुनीहून जाड. शिवण्याआधी दोऱ्याने माप घेतलं आणि म्हणाली, "आहे रे अजून. दोरा बोटभर जास्तच लागला."

मैदानावर माणसं जमली. बुरुल आली नाही. चार वर्षांपूर्वी याच मैदानात, याच खेळात सांजारचे वडील तोरूवरून पडले होते, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून ती खेळाच्या दिवशी तंबू सोडत नसे. माणसं मात्र त्यांचं नाव अजून अभिमानाने घ्यायची.

तोकोय आजोबांनी काठी आपटली. "माझ्या लेकाचा घोडा चार वर्षं नुसता चरतोय. आज आपल्या घरातला जो त्याच्यावर बसून शेवटपर्यंत टिकेल, त्याचाच तोरू. सांजार, शेवटचं विचारतो. उतरतोस?"

सांजारने मान खाली घातली. समोर ते दोन उंचवटे दिसले.

"दुभती घोडी शर्यतीला काढत नाहीत, आजोबा!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे खिदळले. मेदेरही.

मेदेरने पहिल्याला पाडलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. "अगदी मामा!" म्हातारी माणसं म्हणू लागली. "बसणं तेच, पकड तीच!" सांजारने बसल्या जागी मूठभर गवत उपटलं. मामा म्हणे! तो माझा बाप होता. पकड माझी असायला हवी होती. त्या क्षणी मेदेर पडावा, मान मोडून पडावा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

आजोबांनी लगाम हातात घेतला, मेदेरच्या हाती द्यायला.

"थांबा!" सांजार उठला. "आधी मला मेदेरशी खेळू द्या. तोरूवर मी बसतो. तो दुसरा घोडा घेईल."

"बंडी घालून?" मेदेरने विचारलं.

"नाही."

कुणीतरी तंबूकडे धावत गेलं असावं, कारण सांजार गुंड्या सोडत असतानाच बुरुल उतारावरून पळत आली. हात पिठाने माखलेले, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. "नको, सांजार! काढू नकोस! लोक हसतील रे तुला!"

"हसू देत!"

शेवटची गुंडी निघेना. त्याने बंडी दोन्ही हातांनी ओरबाडली. अस्तर टरकलं. बंडी आणि आतला सदरा एकदमच डोक्यावरून काढून त्याने गवतावर फेकले आणि डोळे मिटून हसण्याची वाट पाहिली.

कुणी हसलं नाही.

"अरे," मेदेर म्हणाला, "मग दोन वर्षं लपवत काय होतास?"

सांजारने डोळे उघडले. खाली पाहिलं. मग छातीवर हात ठेवला. हाताला फक्त फासळ्या लागल्या. रुंद, सपाट छाती. त्याच्या बापासारखी.

त्याने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. गुडघ्यांवर बसून ती बंडी घाईघाईने गोळा करत होती. पण फाटलेल्या अस्तरातून नमद्याचे दोन गोल तुकडे आधीच गवतावर घरंगळले होते, आणि दोन्हींवर लाल शिंगांची अर्धी अर्धी नक्षी होती.