चिमणीएवढी जागा

लाकूड कधी खोटं बोलत नाही, असं मुलुंडच्या मधुकर सामंतांचं ठाम मत होतं. सामंत मात्र बोलत.

घाटकोपरच्या हॉलमध्ये स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीवर, लाकूड कोरणाऱ्या हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. सामंतांनी लाकडात कोरलेल्या जाळीदार झाडाखाली पाटी होती, 'नक्षी आणि काम : मधुकर सामंत'. नक्षी त्यांच्या मित्राची, यज्ञेशची होती. तो मार्चमध्ये गेला. सहीऐवजी तो कोपऱ्यात एक चिमणी काढायचा, आणि सामंतांनी नेमकी तेवढी चिमणी कापायची गाळली होती.

सकाळी घरून निघताना तो कोपरा कोरा होता. आता तिथे चिमणीच्या आकाराचं आरपार भोक होतं.

"काका, हे कसं जमवलंत?" ग्रुपमधली गार्गी वाकून बघत म्हणाली. "आतलं कापायचं तर आधी ड्रिल मारून पातं ओवावं लागतं ना? इथे ड्रिलची खूणच नाही. झकास!"

"अनुभव," सामंत म्हणाले. त्यांचे कान तापले.

तेवढ्यात यज्ञेशची बायको क्षमा आली. तिने पाटी दोनदा वाचली. मग पर्समधून एक लाकडी चिमणी काढली.

"आज यांच्या फोटोपुढे पडली होती," म्हणत तिने ती भोकात बसवली.

करवतीने कापली असती तर पात्याच्या जाडीएवढी तरी फट राहायला हवी होती. केसाएवढीही राहिली नाही. लाकडाच्या रेषासुद्धा जुळल्या.

सामंतांना मान वर करवेना. क्षमाने चिमणी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"भावजी, चोचीला जरा पॉलिश पेपर मारून द्याल? टोचतेय हो."